देवगडात ६० हजारांत गेमिंग पीसी: पार्ट कुठले घ्यायचे, आणि खारी हवा व पडतं व्होल्टेज याचं काय करायचं?

देवगड_सडा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गेमिंगसाठी डेस्कटॉप असेंबल करायचा आहे. बजेट ६०,००० रुपये, तेही फक्त कॅबिनेट आणि त्याच्या आतलं सगळं. मॉनिटर (२४ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झ), कीबोर्ड आणि माउस हाताशी आहेत. जुन्या ऑफिस पीसीतून ८ जीबीची एक डीडीआर४ २६६६ स्टिक आणि ६०० व्हीएचा यूपीएस निघेल.

गेम म्हणाल तर व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५. एखादा नवा मोठा गेम मीडियम सेटिंगवर चालला तरी पुरे.

घर समुद्रापासून ४०० मीटरवर आहे, चिऱ्याचं, कौलारू, एसी नाही. संध्याकाळी व्होल्टेज १८०-१८५ पर्यंत उतरतं. पावसात वीज दिवसातून चार वेळा जाते-येते.

एका दुकानातून कोटेशन मिळालंय: आय-७ चौथी पिढी, १६ जीबी रॅम, जीटी ७३० चार जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस (पॉवर सप्लाय), आरजीबी कॅबिनेट, मिळून ३०,०००. अर्ध्या पैशात होतंय म्हणून मोह होतो. घ्यावा का? नसेल तर ६० हजार कसे वाटायचे?

खाडीपल्याड

कोटेशनचं आधी, कारण असे ‘आय-७ गेमिंग पीसी’ सगळ्या कोकणात विकले जातायत. चौथ्या पिढीचा आय-७ म्हणजे २०१३-१४ चा प्रोसेसर. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) लागतं. त्या जुन्या बोर्डावर टीपीएम २.० मिळणार नाही, म्हणजे तुमच्या यादीतला पहिलाच गेम अडला. जीटी ७३० हे गेमिंग कार्डच नाही. त्यावर ४ जीबी लिहिलेलं असलं तरी ती मेमरी ६४ बिटच्या अरुंद वाटेवरची संथ डीडीआर३ असते, आणि एनव्हिडियाने त्या केप्लर पिढीला नव्या गेमसाठी ड्रायव्हर देणं २०२१ मध्येच थांबवलं. ते ३० हजार वायाच जातील.

आता तुमचे ६० हजार. तुमच्याकडे डीडीआर४ स्टिक आहे, म्हणून डीडीआर५ वर जाऊच नका. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेत, हाताशी असलेली प्रत्येक स्टिक म्हणजे वाचलेले पैसे. एएम४ सॉकेटवर (एएमडीच्या डीडीआर४ वाल्या प्रोसेसरची खाच) राहा.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, कूलर डब्यातच येतो. ५५०० स्वस्त मिळतो आणि नाव जवळजवळ तेच आहे म्हणून लोक फसतात. त्यात एल३ कॅशे (प्रोसेसरची आतली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी असते आणि पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्डामधली वाट) ४.० ऐवजी ३.० मिळतं. ५६००जी ची तीच गत.

ग्राफिक कार्ड आरएक्स ६६००, ८ जीबी. १३२ वॅट, एकच ८ पिन केबल, तुमच्या १०८०पी मॉनिटरला भरपूर. हे कार्ड त्या वाटेच्या आठच लेनवर चालतं. बोर्ड किंवा प्रोसेसर ३.० चा असेल तर वाटेचा वेग अर्धा होतो, आणि कार्डाची मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. म्हणून बोर्ड बी५५० घ्या. ए५२० आणि बी४५० वर ग्राफिक स्लॉट ३.० चाच आहे. सेलमध्ये आरटीएक्स ४०६० (११५ वॅट) जवळपासच्या भावात सापडलं तर ते उचला, वीज कमी खातं. आरएक्स ६५०० एक्सटी घेऊ नका, चारच लेन आणि ४ जीबी.

पैशांची वाटणी साधारण अशी धरा. कार्डाला २२ हजारांच्या आसपास, प्रोसेसरला १० च्या आत, बोर्डाला ८, एसएमपीएसला साडेचार ते पाच, कॅबिनेट आणि पंख्यांना साडेतीन. उरलेल्यातून ८ जीबीची दुसरी स्टिक आणि एनव्हीएमई एसएसडी. भाव रोज हलतायत, त्या दिवशी हिशेब बसला नाही तर १ टीबीची एसएसडी ५०० जीबी करा. तरीही बसत नसेल तर आय-३ १२१००एफ आणि एच६१० चा डीडीआर४ बोर्ड. चारच कोअर असले तरी ग्राफिक स्लॉट ४.० आहे, आणि पुढे त्याच सॉकेटवर १२४००एफ बसवता येतो. एच६१० बोर्ड डीडीआर५ मध्येही निघतात, घेताना नाव नीट वाचा. एसएमपीएसमधून मात्र एक रुपयाही काढू नका.

रॅमचं शेवटचं: जुनी २६६६ आणि नवी ३२०० एकत्र लावल्या की दोन्ही २६६६ वरच चालतील. थोडे फ्रेम जातील, पण एकट्या स्टिकपेक्षा दोन स्टिकचं ड्युअल चॅनल कितीतरी बरं. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.

लाईनमन_नाही_पण

वरची निवड पटली. पण १८० व्होल्ट वाचून एसएमपीएसबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे पीसी मरतात ते बहुतेक इथूनच.

एसएमपीएस घेताना वॅट नंतर बघा, आधी लेबलवरचं इनपुट बघा. एकाच मॉडेलचे दोन अवतार बाजारात असतात: एक १००-२४० व्होल्टचा, दुसरा २००-२४० चा. भारतात दुसरा स्वस्त म्हणून सर्रास विकला जातो. पुण्या-मुंबईत त्याने काही बिघडत नाही. तुमच्या संध्याकाळच्या १८० व्होल्टला मात्र तो गेम सुरू झाला, लोड चढला की बंद पडेल. मग सगळे ग्राफिक कार्डावर संशय घेतात, ते बदलूनही आणतात, आणि दोष तसाच राहतो. १००-२४० इनपुट, ८० प्लस ब्राँझ, ५५० वॅट, पाच वर्षांची वॉरंटी असा बघा. आणि १२ व्होल्टच्या रेलवर (प्रोसेसर आणि कार्डाला वीज देणाऱ्या वाटेवर) किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. खऱ्या ५५० वॅटच्या युनिटमध्ये तो आकडा ४० च्या पुढे असतो. कोटेशनमधल्या त्या ‘५०० वॅट’ एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टला १६-१८ अँपिअर दिसले, तर तो जेमतेम २०० वॅटचा समजा.

आता यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक मॉडेलमध्ये ३६० वॅट. गेम चालू असताना प्रोसेसर ८०, कार्ड १३२, बाकी बोर्ड-पंखे-एसएसडी ५० धरले तर २६० च्या वर जातं. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली की भिंतीतून ३०५, आणि मॉनिटरचे २५. झाले ३३०. कार्ड क्षणभर याच्याही वर उडी मारतं. जुन्या बॅटरीवर वीज गेली की यूपीएस बीप करायच्या आधीच पीसी बंद होईल. तो यूपीएस राऊटरला लावा. पीसीला १००० किंवा ११०० व्हीएचा लाईन-इंटरॅक्टिव्ह घ्या आणि मागच्या लेबलवरचा वॅटचा आकडा बघून घ्या. लाईन-इंटरॅक्टिव्हमध्ये व्होल्टेज वर-खाली करणारा एव्हीआर असतो, १८० आले तरी तो उचलून पुढे २०० च्या वर देतो. खालची मर्यादा डब्यावर असते, १४०-१४५ असलेला निवडा. हे पैसे ६० हजारांच्या बाहेरचे, पण एकदम जमत नसतील तर एसएसडी लहान घ्या आणि यूपीएस आधी घ्या.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा विचार असेल तर तो साइन वेव्हचा हवा. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) असतं, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ते गुरगुरतं किंवा बंद पडतं. इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, साध्या मोडमध्ये बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि अर्थिंग. अनवाणी उभं राहून चालू पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तुमच्या प्लगमध्ये अर्थ नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की कॅबिनेट ११०-११५ व्होल्टवर तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण याच अवस्थेत एचडीएमआय केबल काढली-घातली तर कार्डाचा पोर्ट जाऊ शकतो. सर्ज प्रोटेक्टर लावलात तरी अर्थकडे जाणाऱ्या त्याच्या वाटा बंदच राहतात.

मल्टिमीटरने बघा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. प्लगमध्ये मीटर घालायची सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

देवगड_सडा

वायरमनकडून मोजून घेतलं. फेज-न्यूट्रल २०८, फेज-अर्थ १७१, न्यूट्रल-अर्थ १४. घर सड्यावर (कातळाच्या पठारावर) आहे, अर्थिंगचा पाईप दहा-बारा वर्षांपूर्वीचा. आणि इंटरनेट केबलवाल्याच्या स्विचमधून लॅन केबलने येतं, फायबर घरापर्यंत नाही.

लाईनमन_नाही_पण

१४ आणि १७१ बघता अर्थ नावापुरतीच आहे. खात्रीसाठी घरातला सगळा लोड बंद करून न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजा. आकडा उतरला तर न्यूट्रलच्या वायरमध्ये किंवा जोडात दोष आहे, तसाच राहिला तर अर्थिंगच्या खड्ड्यात. फेज-अर्थ एवढा कमी असल्याने माझा कल खड्ड्याकडे.

सड्यावर हे व्हायचंच. वर माती वीतभर, खाली जांभा. पाईप खोल जात नाही, आणि मार्च-एप्रिलपासून जांभा कोरडा पडला की त्यातून वीज वाहतच नाही. त्यात समुद्राजवळ जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप आणि वरचा नटबोल्ट गंजून सुटतो. आधी तो जोड उघडून, घासून, नवा नटबोल्ट लावून पुन्हा मोजा, कित्येकदा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर घराच्या सखल बाजूला, जिथे माती खोल आहे आणि न्हाणीघराचं पाणी मुरतं, तिथे नवा खड्डा. तांब्याचा मुलामा असलेला रॉड, भोवती बेंटोनाइटचं (ओल धरणाऱ्या मातीचं) कम्पाउंड. कोळसा-मीठ घातलेला जुना प्रकारही चालतो, पण उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं लागतं आणि मीठच पाईप खातं. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घ्या आणि अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत आलं का ते विचारा. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर त्याच वेळी बसवा, तो माणसांसाठी आहे.

लॅन केबल हा मोठा धोका आहे. केबलवाल्याची तांब्याची केबल माडांवरून, खांबांवरून शेकडो फूट येते. जवळपास वीज पडली की त्यात धक्का उतरतो आणि थेट मदरबोर्डाच्या लॅन पोर्टात शिरतो. यूपीएस, सर्ज प्रोटेक्टर सगळं जागच्या जागी, आणि बोर्ड मेलेला. केबल आधी राऊटरला लावा म्हणजे मेला तर राऊटर मरेल, पण तेवढंही पुरेल असं नाही. राऊटर ते पीसी वायफाय ठेवा, बी५५० चा वायफाय असलेला बोर्ड किंवा साधा यूएसबी डोंगल. व्हॅलोरंटचा पिंग किंचित वाढेल, बोर्ड वाचेल. आणि जमेल तेव्हा फायबर घरापर्यंत ओढून घ्या, काचेतून धक्का येत नाही. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात तर पॉवरची आणि लॅनची, दोन्ही पिना काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून काही होत नाही.

मीठमुंबरी_९

खाऱ्या हवेबद्दल अजून कोणी लिहिलं नाही.

मीठ हवेतून कॅबिनेटमध्ये येतं आणि धुळीबरोबर बोर्डावर बसतं. कोरडं असेपर्यंत ते फारसं काही करत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मात्र मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, आणि बोर्डावर वीज वाहून नेणारा पातळ ओलावा तयार होतो. जून ते सप्टेंबर आपली आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. पीसी चालू असताना आतली हवा गरम, म्हणून तिथली आर्द्रता खाली राहते. म्हणजे पावसाळ्यात पीसी पंधरा दिवस झाकून ठेवणं हे त्याला सर्वात वाईट. गेम खेळायचा नसला तरी रोज तासभर चालू ठेवा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत दमट हवा कोंडते. झाकायचंच असेल तर सुती कापड.

कॅबिनेट निवडताना काच आणि लाइट सोडून तीन गोष्टी बघा: पुढे जाळी, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर, आणि पत्र्याच्या कापलेल्या कडांवरही नीट बसलेला पावडर कोट. स्वस्त कॅबिनेटमध्ये गंज कडांपासून सुरू होतो, त्याचे पापुद्रे बोर्डावर पडले तर शॉर्ट होतं. पुढून आत हवा घेणारे दोन १२० एमएम पंखे, मागून बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा जास्त असली की ती फटींतून बाहेर जाते आणि धूळ-मीठ फटींतून न येता फिल्टरवर अडकतं. वरचे पंखे लावूच नका, कौलातून पडणारी माती थेट कार्डावर येते. वरची जाळी मॅग्नेटिक फिल्टरने बंद करा.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, पण किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने नको. ते वाळलं की मीठ जाळीतच राहतं आणि पंखा ते आत ओढतो. नळाचं किंवा पावसाचं गोडं पाणी वापरा, पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.

कॅबिनेट खिडकीपासून दूर, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, तिला टेकवलेल्या पीसीची मागची बाजू आधी गंजते. मागचे रिकामे स्लॉट त्यांच्या पट्ट्यांनी बंदच ठेवा. तिथून पाल आत जाते, एसएमपीएसमध्ये शिरली तर दोघंही संपतात. न वापरलेल्या एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट आणि यूएसबीला रबरी टोप्या मिळतात, घालून टाका.

वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, आतून साफ करा. ब्रश आणि ब्लोअर. पंखे बोटाने धरून ठेवा, हवेने उलटे फिरवू नका. रॅमची आणि कार्डाची सोनेरी कड ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर घासायची पद्धत सगळीकडे आहे, पण त्याने सोन्याचा पातळ थर झिजतो आणि खालचा धातू खाऱ्या हवेत उघडा पडतो. गंज काढायचा स्प्रे बोर्डावर मारू नका. वार्निशसारखं कोटिंग घरी मारायचा सल्लाही मिळेल, तेही नको. ते सॉकेटात गेलं की बोर्ड गेला, वॉरंटीही गेली.

सेकंडहँड कार्ड घेणार असाल तर पोर्टच्या कडा आणि हीटसिंकच्या पट्ट्या टॉर्चने बघा. पांढरी भुकटी किंवा हिरवट डाग दिसला तर कार्ड किनाऱ्यावर राहिलेलं आहे, कितीही स्वस्त असलं तरी सोडा.

खाडीपल्याड

मीठमुंबरींच्या रोज तासभर चालू ठेवण्याला जोडून: ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी एसी बंद करून लगेच खिडक्या उघडू नयेत. थंड झालेल्या बोर्डावर बाहेरची दमट हवा आली की दव धरतं. पीसी बंद असेल तर खोली तासभर तशीच राहू द्या.

जोडणीबद्दल थोडं. पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले किंवा ऑनलाइन मागवले, तरी प्रत्येक डबा उघडताना मोबाईलवर अखंड व्हिडिओ घ्या, सिरियल नंबर दिसेल असा. बिल पक्कं, बिलावर सिरियल नंबर. परत करायची मुदत छोटी असते आणि देवगडाहून सर्व्हिस सेंटर लांब, म्हणून सगळे पार्ट एकाच आठवड्यात येतील असे मागवा. आधी आलेलं कार्ड बोर्डाची वाट बघत पडून राहिलं तर त्याची मुदत तपासण्याआधीच संपते.

कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम, कार्ड एवढंच लावून सुरू करून बघा. बोर्डावरच्या एचडीएमआयमध्ये केबल घालू नका, ५६०० ला स्वतःचं ग्राफिक नाही, तिथून काहीच दिसणार नाही. एसएमपीएसच्या दोन आठ पिनी केबल सारख्या दिसतात: ४+४ वाली प्रोसेसरची, ६+२ वाली कार्डाची. पिनांचे आकार वेगळे आहेत, जोर लावावा लागला तर केबल चुकली. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल कधीच लावू नका, एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते.

विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) चालू, सिक्युअर बूट चालू, रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी वापरू देणारी सोय) चालू. या क्रमाने केलंत तर डिस्क आपोआप जीपीटी (नव्या पद्धतीच्या मांडणीची) होते आणि व्हॅलोरंट तक्रार करत नाही. विंडोज आधी जुन्या पद्धतीने टाकून मग सीएसएम बंद केलं तर पीसी बूटच होणार नाही. लोक तेव्हा एसएसडी गेली समजतात.

मग मेमटेस्टची (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची) एक पूर्ण फेरी, तुमची जुनी स्टिक आणि नवी दोन्ही लावून. त्यानंतर फरमार्क (कार्डावर पूर्ण लोड टाकणारा प्रोग्रॅम) वीस मिनिटं, शक्यतो संध्याकाळी सात-आठला, व्होल्टेज सर्वात पडलेलं असताना. तेव्हा टिकला तर पडत्या व्होल्टेजला एसएमपीएस आणि यूपीएस दोन्ही पास. एप्रिल-मेच्या उकाड्यात प्रोसेसर ८० अंशांच्या आसपास दिसला तर घाबरू नका.

देवगड_सडा

अर्थिंगच्या पाईपचा नटबोल्ट उघडला, पूर्ण खाल्लेला होता. बदलल्यावर फेज-अर्थ २०५, न्यूट्रल-अर्थ ४ आलं. कोटेशन सोडलं. शेवटचा प्रश्न: यूपीएस यायला पंधरा दिवस लागतील, तोवर पीसी थेट भिंतीतल्या प्लगला चालवला तर चालेल का?

लाईनमन_नाही_पण

१००-२४० वाला एसएमपीएस घेतलात तर चालेल. फक्त वीज गेली की एसएमपीएसचा मागचा स्विच लगेच बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबून चालू करा, कारण लाईन परत येताना पहिल्या काही सेकंदांत व्होल्टेज सर्वात जास्त उडतं. त्या पंधरा दिवसांत बायोस अपडेट करू नका, मध्येच वीज गेली तर बोर्ड अडकेल. न्यूट्रल-अर्थचं ४ व्होल्ट अजून जास्तच आहे, पाऊस लागला की पुन्हा मोजा. तेव्हा उतरलं आणि पुढच्या मार्चात परत चढलं, तर नवा खड्डा घ्यावाच लागेल.